कोपऱ्यातून कोण बोलतंय?

मावशीनं नवा लॅपटॉप घेतला तो लिहिण्यासाठी. शाळेतून निवृत्त झाल्यावर इतक्या वर्षांच्या वर्गांच्या आठवणी लिहून काढायच्या, असं ती बरेच दिवस म्हणत होती. मग तिनं हाताने लिहिण्याचा नाद सोडला, मराठी टायपिंग शिकली आणि पहिली काही पानं झालीही. त्यानंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, लॅपटॉपला काहीतरी झालंय. मी तो बंद करून ठेवलाय." काय झालं ते तिनं वर्गात शिकवल्यासारखं क्रमानं सांगितलं. ती एका विद्यार्थिनीबद्दल लिहीत होती, वाक्य अर्ध्यावर होतं, तेवढ्यात उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून एक चौकट वर सरकली. लाल पट्टी, ढालीचं चित्र, त्यावर उद्गारचिन्ह आणि इंग्रजी मजकूर: तुमचं संरक्षण संपत आलं आहे, तुमची माहिती धोक्यात आहे, आत्ताच काहीतरी करा. बारीकसा 'टिंग' असा आवाजही झाला होता. तिनं स्क्रीन काळी होईपर्यंत पॉवरचं बटण दाबून धरलं, झाकण मिटलं आणि चार्जर काढून टाकला. मग मला विचारलं, "मी लिहिलेलं सगळं गेलं का?" गेलं नव्हतं. लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसच्या ट्रायलची, म्हणजे ठरावीक दिवस फुकट वापरायच्या आवृत्तीची, ती सूचना होती, मुदत संपत आली की अशा सूचना येतात, असं मी तिला समजावलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मग हे माझ्याशी बोलतंय कोण? लॅपटॉप बोलतोय, की दुसरंच कुणी?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या घरात कुणीही नवं यंत्र घेतलं की ते आधी माझ्याकडे येतं. मला ते काम मनापासून आवडतं. खोका उघडताना येणारा प्लास्टिकचा आणि रसायनाचा मिसळलेला वास, झाकणावरची पारदर्शक फिल्म सोलताना होणारी सळसळ, अजून कुणाच्याच बोटांची सवय नसलेल्या कडक कळा. पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटं यंत्र शांत असतं. मग आतला पंखा हळूहळू जोर धरतो, तळ गरम लागायला लागतो, कर्सरशेजारचं वर्तुळ फिरत राहतं. आपण तर अजून काहीच उघडलेलं नसतं. हे सगळं काम आपल्यासाठी चाललेलं नसतं, एवढं मला अनेक वर्षांपासून माहीत आहे. मी चालू प्रोग्रॅम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडते, यंत्राबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची, म्हणजे स्टार्टअपची, यादी बघते, नको ते काढते. आजवर मी याकडे वेगाचा आणि जागेचा प्रश्न म्हणूनच पाहत आले. यंत्र लवकर सुरू झालं पाहिजे, मेमरी मोकळी राहिली पाहिजे, डिस्कवर जागा पाहिजे. मावशीला मात्र वेगाशी काही देणंघेणं नव्हतं. लॅपटॉप तिच्या दृष्टीनं भरपूर वेगवान होता. आपल्या टेबलावरच्या, आपल्या पैशांच्या वस्तूमधून आपल्याशी नेमकं कोण बोलतं, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि तिचा प्रश्न माझ्या सगळ्या हिशेबांपेक्षा मुळाशी जाणारा होता.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे गेले. लॅपटॉप कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेला होता. आम्ही शेजारी बसलो, माउस मी तिच्याच हातात दिला, आणि आधी काहीही न काढता नुसतं बघत गेलो. मुदतीचा अँटिव्हायरस. त्याच कंपनीचा ब्राउझरला चिकटलेला एक जोडप्रोग्रॅम. महिनाभर चालणारं ऑफिस. फोटो सुधारायचा प्रोग्रॅम. क्लाउडवर थोडी जागा फुकट आणि पुढची विकत देणारी एक सेवा. खरेदीच्या संकेतस्थळाकडे नेणारा एक आयकॉन, जो प्रोग्रॅम नव्हताच, नुसता दुवा होता. काही खेळ. त्यांतल्या काहींवर क्लिक केल्यावरच ते उतरायला सुरुवात होणार होती. म्हणजे स्टार्ट मेनूत नुसती पाटी लावलेली, दुकान अजून यायचं होतं. मावशी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होती. नवी कोरी वही उघडावी आणि पहिली पानं कुणीतरी आधीच लिहून भरलेली निघावीत, तसा तिचा चेहरा झाला होता. राग नव्हता त्यात. "हे मी मागितलं होतं का?" असं ती दोनतीनदा म्हणाली, आणि तिला खरोखरच शंका होती. घेताना कुठेतरी आपण हो म्हणालो असू, असं तिला वाटत होतं.

ती हो म्हणालेली नव्हती. व्यवहार तिच्या आधीच झाला होता. संगणक बनवणाऱ्यांना एकेका यंत्रामागे सुटणारा नफा फार थोडा असतो. सॉफ्टवेअर कंपन्या आपला ट्रायल आत बसवण्यासाठी त्यांना पैसे देतात, किंवा ट्रायल संपल्यावर गिऱ्हाइकानं वर्गणी भरली तर त्यातला वाटा देतात. यंत्राची किंमत त्यामुळे थोडी खाली राहते, असं उत्पादकांच्या बाजूनं सांगितलं जातं, आणि ते मला पूर्ण खोटं वाटत नाही. पण त्या सूटीचा आकडा बिलावर कधी दिसत नाही. दोनदा तो काहीसा दिसला होता. २००८ साली सोनीनं आपल्या एका व्हायो लॅपटॉपवर 'फ्रेश स्टार्ट' नावाचा पर्याय दिला: ४९.९९ डॉलर जादा भरा, आम्ही ट्रायल वगैरे काढून यंत्र पाठवू. लोक खवळले आणि कंपनीनं ते शुल्क लगेच रद्द केलं. पुढे २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दुकानांतही ९९ डॉलर घेऊन विंडोजचं यंत्र असं साफ करून मिळत होतं. दोन्ही वेळा मला वाटलं ते एकच: आपल्या वस्तूत काही नसण्यासाठी पैसे मोजावे लागणं हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

ट्रायल या प्रकाराबद्दल मात्र माझ्या मनात जुनी माया आहे, आणि ती आजही गेलेली नाही. आमच्या घरी पहिला संगणक आला तेव्हा प्रोग्रॅम हातोहात यायचे. मासिकाबरोबर मिळालेली सीडी, मैत्रिणीच्या दादाकडची फ्लॉपी. ती आत सरकवल्यावर ड्राइव्ह खरखरायची आणि आपण श्वास धरून बसायचो. 'तीस दिवस वापरून पाहा' हे वाक्य तेव्हा दिलदारपणाचं वाटायचं. त्याची सुरुवातही तशीच होती. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी 'पीसी-टॉक' हा प्रोग्रॅम लिहिला आणि लोकांना सांगितलं की वापरा, इतरांना द्या, उपयोग झाला तर २५ डॉलर पाठवा. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' त्याच रीतीनं वाटला. पुढे नव्वदीच्या दशकात 'डूम' या खेळाचा पहिला भाग असाच फुकट फिरला, आवडला तर पुढचे भाग विकत घ्यायचे. या सगळ्यात पहिलं पाऊल वापरणाऱ्याचं होतं. मी शोधलं, मी आणलं, मी बसवलं, मग मी ठरवणार. आणि बोलणारा कोण ते स्पष्ट होतं. प्रोग्रॅम उघडला की लेखकाचं नाव आणि पत्ता समोर यायचा, कधीकधी चार ओळींचं पत्रच असायचं. तो माणूस पैसे मागायचा, पण स्वतःच्या नावानं मागायचा.

मावशीच्या कोपऱ्यातल्या चौकटीला असं नाव नव्हतं. म्हणजे बारीक अक्षरात होतं, पण चौकट सरकली ती यंत्राच्याच सूचना जिथून येतात त्या जागेतून. बॅटरी संपत आल्याची सूचना तिथूनच येते, अपडेटची तिथूनच येते. लाल रंग तोच, ढाल तशीच. या जागेवर कुणाचा हक्क, हा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. १९९६ मध्ये कॉम्पॅक या संगणक बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या संगणकांवरून इंटरनेट एक्स्प्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचा आयकॉन काढला, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं विंडोजचा परवानाच रद्द करण्याची धमकी दिली होती. पहिला स्क्रीन कसा दिसावा, कोणता आयकॉन राहावा, यावर उत्पादकांना बांधून ठेवणारे करार होते. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं जो मोठा खटला भरला त्यात हे सगळं बाहेर आलं, आणि २००२ च्या अंतिम निवाड्यानं उत्पादकांना मोकळीक दिली की दुसऱ्यांचे प्रोग्रॅम बसवा, त्यांचे आयकॉन लावा. ती मोकळीक गरजेची होती, आजही मला तसंच वाटतं. एकाच कंपनीनं सगळ्या जगाचा डेस्कटॉप ठरवावा हे भयंकरच होतं. पण त्या भांडणात एका बाजूला विंडोज बनवणारे होते, दुसऱ्या बाजूला यंत्र बनवणारे आणि ब्राउझर विकणारे. त्या स्क्रीनसमोर रोज बसणाऱ्या बाईचं म्हणणं काय, हे विचारायला कुणी आलं नाही.

आम्ही अँटिव्हायरसपासून सुरुवात केली. काढण्याची क्रिया मावशीनंच करायची असं मी ठरवलं होतं, कारण मी झरझर क्लिक करून मोकळी झाले असते तर तिच्यासाठी ते पुन्हा दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं झालं असतं. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी. ती तारखेनुसार लावली की बरंच उलगडतं: कारखान्यात बसवलेलं सगळं, तिनं लॅपटॉप घेण्याच्या आधीच्या तारखांवर. तिनं 'अनइन्स्टॉल' दाबलं. एक पडदा आला: खरंच काढायचं? दोन बटणं. 'संरक्षण कायम ठेवा' असं सांगणारं मोठं, हिरवं, भरीव. दुसरं राखाडी, नुसत्या अक्षरांचं, जोखीम मान्य करून पुढे जायचं. मावशीचा हात थांबला. "कसली जोखीम?" असं तिनं विचारलं. मी तिला सांगितलं की २०१२ च्या विंडोज ८ पासून विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस असतोच. दुसरा बसवला की तो बाजूला होतो, दुसरा काढला की आपोआप पुन्हा उभा राहतो. म्हणजे समोरच्या पडद्यावर लिहिलेली जोखीम तिच्या बाबतीत खरी नव्हती. ती चकित झाली. "मग असं लिहितात कसं? छापील अक्षरात?" छापील अक्षरात खोटं लिहिलेलं असू शकतं, हे चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकांबरोबर घालवलेल्या माणसाला पटवणं मला फार जड गेलं.

पट्टी भरत गेली, अडकली, पुन्हा भरली. मग ब्राउझर उघडला आणि 'का सोडून चाललात?' असं विचारणारं पान आलं. तिथेही तिला उत्तर द्यावंसं वाटलं, सभ्य माणूस विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो म्हणून. आम्ही ते पान बंद केलं, यंत्र रीस्टार्ट केलं आणि मग त्याच कंपनीनं दिलेलं साफसफाईचं वेगळं साधन उतरवून चालवलं. अँटिव्हायरस सिस्टिममध्ये फार खोलवर रुजलेले असतात. साध्या अनइन्स्टॉलनंतर त्यांच्या सेवा, ड्रायव्हर, ठरावीक वेळी जागी होणारी कामं मागे राहू शकतात, म्हणून बऱ्याच कंपन्यांनाच असं वेगळं साधन द्यावं लागतं. दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर हिरवी खूण होती. ती तिला दाखवली. बाकीचं भराभर झालं. यादीतलं सरसकट सगळं मात्र मी काढू दिलं नाही. टचपॅडचा, आवाजाचा, ब्राइटनेसच्या कळांचा कारभार बघणारे छोटे प्रोग्रॅम उत्पादकाचेच असतात आणि त्यांची नावं तितकीच अगम्य असतात. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवणारी सोय अनेक यंत्रांवर तशाच एका प्रोग्रॅममध्ये असते, फर्मवेअरचे, म्हणजे यंत्राच्या भागांतच साठवलेल्या मूळ प्रोग्रॅमचे, अपडेटही तिथूनच येतात. नको असलेलं आणि लागणारं एकाच रांगेत, एकाच सुरात नावं सांगत उभं असतं. नवख्या माणसानं यातून कसं निवडायचं, याचं उत्तर माझ्याकडेही 'प्रकाशकाचं नाव बघ आणि शंका आली तर राहू दे' याच्या पलीकडे नाही.

सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं का, हा विचारही आला. ते अवघड राहिलेलं नाही. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि परवान्याची किल्ली अलीकडच्या यंत्रांत फर्मवेअरमध्येच असते, त्यामुळे ती शोधत बसावं लागत नाही. उत्पादकाच्या रिकव्हरीतून, म्हणजे त्यानं यंत्रात ठेवलेल्या मूळ प्रतीतून, रीसेट केलं तर तेच सगळं परत येण्याची शक्यता असते; स्वच्छ विंडोज हवं तर ते मायक्रोसॉफ्टकडून घ्यावं लागतं. पण तिथेही एक गोष्ट मला खुपत राहते. विंडोज ८ पासून अशी सोय आहे की यंत्राच्या फर्मवेअरमध्ये ठेवलेला एखादा प्रोग्रॅम विंडोज सुरू होताना स्वतःहून चालवतं. हेतू चांगला होता: चोरीला गेलेलं यंत्र पुसलं तरी त्याचा माग लागावा. २०१५ मध्ये उघड झालं की लेनोव्होच्या काही यंत्रांवर हीच वाट वापरून, कोरं विंडोज टाकल्यावरही कंपनीचं सॉफ्टवेअर परत येत होतं. नंतर त्यांनी फर्मवेअर बदलून ते काढलं.

आणि त्याच वर्षीचं सुपरफिश. संगणकावरच्या भरवशाबद्दल बोलताना ते प्रकरण माझ्या मनात आजही पहिलं येतं. २०१४ च्या अखेरीस विकल्या गेलेल्या लेनोव्होच्या काही घरगुती लॅपटॉपवर, शोधाच्या पानांत जाहिराती घुसवणारा एक प्रोग्रॅम आधीच बसवलेला होता. सुरक्षित पानांतही जाहिराती दाखवता याव्यात म्हणून त्यानं विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरं असल्याची हमी देणारा डिजिटल शिक्का, घातलं होतं. त्यामुळे कुठल्याही संकेतस्थळाच्या आणि वापरणाऱ्याच्या मधे बसून तो दोन्हीकडचं वाचू शकत होता, आणि ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह तसंच दिसत राहायचं. बरं, त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली, म्हणजे तसा शिक्का मारता येण्यासाठी लागणारी गुप्त खूण, सगळ्या यंत्रांवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञानं ती काढून दाखवली. तिचा पासवर्ड म्हणजे त्यातला घटक बनवणाऱ्या कंपनीचं नाव, कोमोडिया. म्हणजे ज्याला ते समजलं असतं तो अशा कुठल्याही लॅपटॉपसमोर बँक बनून उभा राहू शकला असता. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केल्यावरही प्रमाणपत्र मागे राहायचं. ते वेगळं काढावं लागायचं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं लेनोव्होबरोबर तडजोड केली आणि ३२ राज्यांना मिळून ३५ लाख डॉलर द्यायचं ठरलं. हे मी मावशीला सांगितलं नाही. तिला नुकतीच मी ती हिरवी खूण दाखवली होती, आणि तिच्यावर विश्वास ठेव म्हणून सांगितलं होतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. नव्या यंत्राबरोबरच्या पहिल्या काही दिवसांत माणूस त्याची भाषा शिकत असतो. कोणत्या रंगाला थांबायचं, कोणत्या आवाजाला उठायचं, काय वाचायचं, काय सोडायचं. त्याच दिवसांत त्याच्यासमोर धोक्याच्या वेशातली विक्री येते. मग दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तो प्रत्येक लाल चौकट वाचल्याशिवाय बंद करायला शिकतो, आणि उद्या डिस्क खरोखर खराब होत असल्याची सूचना आली तर तीही बंद करतो. नाहीतर तो प्रत्येक चौकटीचं ऐकायला शिकतो, आणि मग ब्राउझरमध्ये एखादं भामटं पान भोंगा वाजवत, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं म्हणतं तेव्हा फोन करतो. खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं की त्यांच्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. पण ते माहीत असायला आधी हे माहीत हवं की सूचना कुणाची आहे. त्या भामट्यांच्या पानांवरही ढाल असते, लाल पट्टी असते, 'आत्ताच' असतं. वयस्क माणसं फसतात तेव्हा आपण म्हणतो त्यांना संगणक कळत नाही. माझ्या मते त्यांना तो नीट कळलेला असतो. संगणकानं सुरुवातीलाच जसं वागायला शिकवलं, तशीच ती वागतात.

फोटोचा प्रोग्रॅम काढायची वेळ आली तेव्हा मावशी म्हणाली, "हा राहू दे." मला आश्चर्य वाटलं. वर्गाचे जुने, पिवळे पडलेले सामूहिक फोटो तिनं मोबाइलवर टिपून घेतले होते आणि या प्रोग्रॅमनं त्यांतला एक बराच उजळला होता. मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत होते. तिला ते आवडलं होतं. मी म्हणाले, याचीही मुदत संपेल, मग हाही कोपऱ्यातून बोलायला लागेल. "बोलू दे की. आता मला माहीत आहे ना, कोण ते," असं म्हणून तिनं पुढचा फोटो उघडला. आम्ही त्याच्या सूचना तेवढ्या बंद केल्या, कार्डाचा नंबर मागणारी पायरी कुठे येते ते बघून ठेवलं, आणि तो राहिला. म्हणजे मुळात ट्रायल वाईट नव्हतीच. तिला विचारून आली असती तर कदाचित तिनं आणखीही एखादी ठेवली असती.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. युरोपात मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठीच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४ पासून विंडोजमधून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा एज ब्राउझरसुद्धा काढता येतो. आधीच बसवलेली वस्तू काढता यायला हवी, हे तत्त्व कायद्यात लिहिता येतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. पण काढणं ही नंतरची गोष्ट झाली. यंत्र पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा ते भाषा विचारतं, कीबोर्ड विचारतं, वायफायचा पासवर्ड विचारतं. तिथेच एक पान असावं, वापरणाऱ्याच्या भाषेत आणि वाचता येईल अशा अक्षरात: या यंत्रावर पुढील कंपन्यांनी पैसे देऊन आपले प्रोग्रॅम ठेवले आहेत, प्रत्येकाची मुदत इतकी, मुदत संपल्यावर तो असं असं सांगेल. प्रत्येकासमोर रिकामी चौकट, ज्याला हवा त्यानं खूण करावी. आणि त्यांच्यापैकी कुणालाही यंत्राच्या सूचनांची जागा, तिचा रंग आणि तिची ढाल वापरता येऊ नये. हे पान बनवायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागणार नाही, नवी माहितीही गोळा करावी लागणार नाही. कुणी किती पैसे दिले आणि कशासाठी, हे उत्पादकांच्या करारांमध्ये आधीच लिहिलेलं आहे.